नमुना क्रमांक सत्तेचाळीस

मी तुम्हाला तपासायला आलेली नाही,
असं मी प्रत्येक दारात म्हणते.
तुमचं कार्ड ज्यांनी मंजूर केलं
त्यांचं काम बरोबर होतं का, एवढंच बघायचंय.
बेलापूरच्या गारढोण खोलीत हे वाक्य
आमच्याकडून दोनदा घोकून घेतलं होतं.
दारातली बाई ऐकून घेते
आणि आतल्या पोराला डोळ्यांनीच सांगते,
मोबाईल उशीखाली सार.

दिघ्याला, पाइपलाइनच्या वरच्या अंगाला
केवळाबाई खंदारे. खडी फोडायला आलेली.
खाण बंद पडली, ती राहिली.
शंभर कार्डांतून एक नाव यंत्र उचलतं,
या खेपेला तिचं.
"लॉटरीच लागली म्हणायची," ती म्हणाली
आणि पाट पुसून पुढे सरकवला.

कार्डावर नावं पाच.
माणसं किती, असं थेट विचारायचं नसतं.
ब्रश मोजा, चपला मोजा, नजर फिरवा.
मोरीवरच्या डब्यात ब्रश चार,
शेजारी मिश्रीची डबी, म्हणजे पाच.
मांडणीवर ताटं सहा.

"गोविंदा कोण?"
"धाकटा. सुरतेला असतो, दोन वर्षं झाली.
साड्यांवर खडे चिकटवतो."
"नाव नाही काढलं?"
"एक काढायला गेलं की अख्खं कार्ड काढतात म्हणे."
"आणि ही?"
"ही थोरल्याची. नाव घालायला तीन खेपा झाल्या.
माहेरचं नाव कमी केल्याचा दाखला मागतात,
आन माहेर सेलूच्या पुढं."

एक नाव बिनमाणसाचं, एक माणूस बिननावाचं.
चूक अधिक चूक, बेरीज बरोबर.
माझ्या फॉर्मला बेरीज चालत नाही,
त्याला चुका सुट्या सुट्या लागतात.

"मग सहावं ताट?"
भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं.
केवळाबाईने भिंतीकडे बघितलं नाही,
इतकं मुद्दाम
की मलाच बघावं लागलं.

इलियासचाचा.
रबाळ्याला रंगाच्या कारखान्यात
बावीस वर्षं पिंपं धुतली,
बोटांवरच्या रेषा तिथेच राहिल्या.
दुकानातलं मशीन तीनदा लाल झालं,
चौथ्यांदा दुकानदार म्हणाला,
चाचा, तुम्ही तुम्ही नाही.

"गोविंदाचा वाटा त्यांच्याकडं जातो.
मी खात न्हाई बाई, पोरगा तर हितं न्हाईच.
तांदूळ कुणीतरी खायला पायजे ना?"

पान तीनवर कुटुंबाची व्याख्या आहे:
एका चुलीवर जेवणारी सर्व माणसं.
लिहिणाऱ्याने एवढा विचार केला नसणार.

नियम अकरा, घरात काही घेऊ नये, पाणी चालेल.
सुनेने पाणी आणलं, मागोमाग कोरा चहा.
मी पाणी प्यायले.
चहासुद्धा.

रकाना बत्तीस, चुकीचा प्रकार.
अपात्र व्यक्तीस लाभ.
पात्र व्यक्ती वंचित.
कोणताही एकच निवडा.
वरचं दाबलं की खालचं विझायचं,
खालचं दाबलं की वरचं.
थोडा वेळ मी तेच करत बसले,
सून बघत होती, तिला वाटलं बिघडलंय.
शेऱ्याच्या जागी लिहिलं, चुलीवर जेवणारे सहा.
संख्या कार्डाशी जुळत नाही, ते म्हणालं.

चपला घालताना पलीकडून आवाज आला,
"केवळा, गयी क्या वो?"
"जातीय," केवळाबाई म्हणाली,
आणि मला, हळू उतरा, पायरी हलते.

आज अकरावा दिवस.
सत्तेचाळीस अजून 'अपूर्ण' मध्ये पडून आहे,
त्या घराचे माझे एकशे दहा रुपयेही.
कारेकरसाहेबांचा रोज फोन.
मी सांगते, तिथे वर नेटवर्क मिळत नाही.

त्या टेकाडावर टॉवर चार आहेत, साहेबांनाही माहीत आहे.
एकाच्या तर कुंपणावर
केवळाबाईच्या सालपापड्या वाळत होत्या.