हलते ती गर्भाची

वेमच्या पलीकडे, कालव्याला लागून
ग्विलिम प्रॉसरचा गोठा.
पहाटेचे पाच. शून्याखाली तीन.
माझा डावा हात खांद्यापर्यंत प्लॅस्टिकमध्ये
आणि खांद्यापर्यंत टॅन्सीत.

इतकी ऊब या देशात
मला दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.
घरी फोनवर हे मी सांगत नाही.

कमरेच्या हाडाच्या कडेनं बोट सरकवत जायचं.
एक दोरी लागते, पेन्सिलीहून बारीक.
चिमटीत धरून हलवून बघायची.
शिरवळला कुलथे सर म्हणायचे,
हलते ती गर्भाची, अडते ती पायाची.
पुढे काही समजावायचे नाहीत. हात धुवायला निघून जायचे.

ही हलते.

चार दिवस, आठ सुया,
सकाळ-संध्याकाळ, दिवा लावावा तशा वेळच्या वेळी,
दर दिवशी मात्रा जरा उतरती.
कुठल्याशा कत्तलखान्यातल्या डुकरांच्या
मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथींतून गाळलेलं औषध.
एका माजाला एक बीज, हा टॅन्सीचा जुना हिशोब.
आता पडद्यावर घड लगडलाय:
अकरा, बारा,
बारावं कदाचित सावलीच असेल.

पण मी घड मोजायला आलेले नाही.
मला रस्ता बघायचाय.
सोमवारी दर ठोक्याला रेघ उसळायची
आणि धपकन तळाला टेकायची.
आज टेकत नाही.
दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतही
रक्त वाहतंय,
पाहुणे येणार म्हणून
भर दुपारीही दार लोटून घेऊ नये, तसं.
रोध: उतरला.
मी आकडा लिहिते.
त्याच क्षणी टॅन्सी लाथ झाडते
आणि बादली थेट ग्विलिमच्या बुटावर.
तो हवामानाला शिव्या देतो. गाईला नाही.

तिला कुणी कळवलेलं नाही
की सातव्या दिवशी मीच येणार आहे,
नळी घालून, पाणी सोडून
सगळं धुऊन न्यायला.
मिळतील तेवढे जीव काडीएवढ्या नळ्यांत भरून
हेरफर्डच्या कालवडींकडे जातील.
त्यांची पोटं वाढतील.
हिचं दार उघडंच.

प्रयोगशाळेत माझ्याकडे
कापलेल्या धमन्यांच्या चकत्या आहेत.
जी कधी व्यालीच नाही, तिची भिंत नितळ.
चार वेतांच्या गाईची जाड, चुण्या पडलेली,
लवचीक धागे एकावर एक साचलेले.
दूध आटतं, वासरू तिसऱ्या दिवशी हंबरायचं थांबतं,
भिंत मात्र वेत विसरत नाही.
मग जे वेत नुसतं मांडलं आणि मोडलं,
सुयांनी बोलावलं, पाण्यानं उठवलं,
तेही तिथे राहतं का?
पाच वेळा? सहा वेळा?
हा प्रश्न मी अर्जात घातला होता.
दुसऱ्या फेरीत कुणीतरी काढला.

सातवा दिवस. नऊ मिळाले, दोन खराब.
ग्विलिमनं टोपी काढून डोकं खाजवलं,
म्हणजे तो खूश आहे.

बारावा दिवस.
कुणी सांगितलेलं नाही, तरी मी आलेय.
टॅन्सी कळ काढते, आतून आवळते,
माझ्या दंडावर तिचं सगळं बळ.
बोटांना मुंग्या. मग बोटंच नाहीत.
चिमटीत काहीतरी धडधडतंय.
पडद्याकडे बघायला मान वळत नाही,
आणि ती धडधड तिची
की अडकलेल्या माझ्या हाताची,
एवढंही मला सांगता येईना.

"काय म्हणतेय?" ग्विलिम विचारतो.

थांब जरा, मी म्हणते.
अजून हलवून बघितली नाही.