फीलर गेज

उद्यमबागेत, व्हॉल्व्हच्या कारखान्यात,
माझा पाचवा इंटरव्ह्यू.
हिरेकोडी साहेबांचं बोट बायोडाटावर थांबतं
एकोणीसचा ऑगस्ट आणि बावीसचा डिसेंबर
यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत.
‘मिस मुतगेकर, हा गॅप कसला?’

गॅप मोजायचाच मला पगार होता, सहा वर्षं.
फीलर गेज असतं, चाकूसारखं उघडणारं,
आत पोलादाची पातळ पातळ पानं.
पाच शतांशाचं पान शिरलं
की जॉब बाजूला, वर लाल ठिपका.
का शिरलं ते कुणी जॉबला विचारत नाही.

‘घरगुती कारण,’ म्हटलं.
आधीच्या चारही ठिकाणी हेच म्हटलं होतं.
एकांनी विचारलं, लग्न?
एका बाईंनी आवाज खाली आणून, बाळ?
वडगावात मी वर्षभर ही ओळ घोकते आहे,
घोकून घोकून ती आता खरी वाटत नाही.

दवाखान्यातून आईला घरी आणलं तेव्हा
तिचा उजवा हात गेला होता, आणि मराठी.
चाळीस वर्षं वापरलेली मराठी,
जिच्यात ती भाजीवालीशी भांडून
कढीपत्ता फुकट आणायची.
मागं राहिली होती बैलहोंगलची कन्नड.
‘आई’ म्हटलं, मान वळेना. ‘शोभा’ म्हटलं, तरी नाही.
मामा फोनवर म्हणाला, नीलव्वा म्हणून बघ की.
वळली.
आणि मला विचारलं, ‘नी यार मगळ?’
तू कुणाची मुलगी.

माझी कन्नड बसस्टँडपुरती:
एष्टु, बेडा, मुंदे होगरी.
शेजारच्या शांतक्कांच्या नातवाचं पहिलीचं पुस्तक मागून आणलं,
तो मला शिकवायचा आणि बदल्यात बिस्किटं खायचा.
आपल्यात नसलेला आखूड ए
मला सहा महिने जमला नाही.
आई हसायची. अर्ध्या तोंडानं का होईना, हसायची.
तिसऱ्या वर्षी ती सांगायला लागली
गुंडव्वानं शाळेत पाटीवरची पेन्सिल कशी चोरली,
विहिरीत पडलेली घागर कुणी काढली.
मराठीत तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं म्हणा.

साहेबांनी दुसरा कागद काढला.
माझाच अर्ज, अठरा सालचा, याच कंपनीतला.
तेव्हा त्यांनी घेतलं नव्हतं, पण फाईल ठेवली होती.
दोन्ही शेजारी ठेवून ते पाहत राहिले.
पत्ता तोच. शिक्षण तेच. सहीसुद्धा तशीच, जरा घाईची.
‘भाषा’च्या रकान्यात मात्र
कन्नडपुढे तेव्हा एक टिक होती, समजते.
आता चार.
‘क्लास लावला होता?’
‘हो.’
‘किती दिवस?’
‘तीन वर्षं. रविवारीही.’
‘सर्टिफिकेट?’

आहे एक.
महापालिकेचं, कन्नडमधून,
नीट घडी घालून कपाटात.
त्यात तिच्या नावातला काना राहिला होता, शोभ.
काउंटरवर एजंट म्हणाला, दोनशे द्या, लिहून देतो.
मी उभ्याउभ्या दुरुस्तीचा अर्ज लिहिला,
माझ्या हातानं, एकही खाडाखोड न करता.
कारकुनानं वाचला, मान वर केली नाही,
शिक्का मारला.
तिला दाखवायला ती नव्हती.

‘नाही,’ म्हटलं, ‘सर्टिफिकेट असं नाही.’
साहेबांनी काहीतरी लिहिलं, उलटं असल्यानं मला दिसलं नाही.
‘कळवतो.’
‘येतो मी,’ म्हणून उठले.
शेजारी बसलेली पुण्याची पोरगी त्या ‘येतो’ला हसली.
आमच्याकडे बायका असंच म्हणतात, सांगत बसले नाही.

तिसरं रेल्वे गेट बंद होतं.
मालगाडी संपता संपत नव्हती.
समोर पत्र्यावर कुणीतरी रंगवलं होतं,
इथे पंक्चर काढून मिळेल, आत हाक मारा.
गेट उघडलं, स्कूटी सुरू केली,
पुढं गेल्यावर कळलं
पाटी कन्नडमध्ये होती.