मांड्याची कड

पहाटे साडेपाचला भुसावळच्या गच्चीवरून
मी फुगा सोडतो. पांढरा, खाली डबी लटकवलेला.
जानेवारी. बोटं गारठून लाकूड.
आधी तो सरळ वर जातो, शहाण्या पोरासारखा,
मग कुणीतरी कान धरून पूर्वेकडे ओढतं.

बारा किलोमीटरवर वारा एकशे दहा नॉट.
पडद्यावर नुसता आकडा. आवाज नाही.
खाली तापी, केळीचे बाग, यावलची पहिली एसटी,
कुणाला खबर नाही.

भिरूडमावशी अक्षय तृतीयेला मांडे करायच्या.
दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत नेत,
मधे झिरझिरीत, कडेला जाड;
वेग वाढला की कड आपोआप डुलायला लागे.
"हात हालला म्हनून नाही फाटत," त्या म्हणत,
"त्याचं त्याच्यातच भांडन लागतं."

पुढे पुण्यात तेच समीकरणांतून शिकलो:
शेजारच्या दोन थरांचा वेग जुळला नाही
की एखादी बारीक सुरकुती
त्या फरकावरच पोसली जाते.
ढकलावं लागत नाही.

काल नकाशावर ओळ जराशी वाकली होती.
आज तिला पोट आलंय, राजस्थानवरून खाली.
परवा रावेरला केळीच्या पानांवर चट्टे पडतील,
नाहीतर गारा,
नाहीतर नुसती ढगाळ सकाळ
आणि मी खोटा.

दहा वाजता अकोल्याकडून फोन.
तूर कापताना एका बाईंना डबी सापडलीय.
"परत पाठवू, का पोरगं खेळलं तर चालंल?"