डावीकडे वळताना

ओचितीची गाडी डावीकडे वळताना मरते.
पूर्ण मरत नाही,
उचकी लागल्यासारखी दोनदा अडखळते,
सायलेन्सरमधून एक फटाका, आणि मग
काही झालंच नाही अशी चालू लागते.

प्लग तीनदा बदलून झाला.
कार्बोरेटर लायिबीच्या बाजारात कुणीतरी उघडला
आणि एक स्क्रू कमी ठेवून बसवला.
कॉइल नवी. तिच्यासाठी त्यानं बोकड विकला,
हे तो दर वेळी सांगतो, बोकडाच्या नावासकट.

मी शिकाऊ. मला वाटलं, पिकअप कॉइल.
पाना उचललासुद्धा.
अक्वेरोनं माझ्याकडे पाहिलं नाही.
काय होतं, असंही तिनं ओचितीला विचारलं नाही.
विचारलं, कधी?

वळताना.
कुठल्या बाजूला?

तो आंब्याखाली उभा राहिला, हात हवेत,
नसलेलं हँडल धरून
सगळं गुलू मनात फिरून आला:
पेट्रोल पंप, चर्चचा चढ, दवाखान्याचा फाटा.
"डाव्या," म्हणाला. मग हळूच, स्वतःशी,
"म्हणून मी आईकडे जाताना बाजाराला वळसा घालतो."
एका डाव्यासाठी तीन उजवी वळणं.
गिऱ्हाइकं भांडतात. दोन वर्षं झाली.

आमचा टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा बल्ब,
दोन वायरी, एक शिवणाची सुई.
इंजिन चालू. "फिरव, सावकाश."
उजवीकडे दिवा ढिम्म.
मधे तसाच.
डावीकडे, अगदी शेवटच्या बोटभर अंतरात
मिणमिणला.
"हीच!" ओचिती ओरडला,
गर्दीत आपला पाकीटमार दिसावा तसा.

टाकीपुढची काळी पट्टी तिनं सोलली.
वायर बाहेरून धडधाकट, रंगसुद्धा शाबूत.
"डोळे मीट," म्हणाली, आणि ती माझ्या चिमटीत दिली.
तांबं असतं तिथं वायर बोटाला उलट उत्तर देते.
मी सरकत गेलो, सरकत गेलो,
हँडलच्या मानेशी एका जागी
ती नुसतीच रबर झाली,
ओढली तर लांबली. आत कुणी नव्हतं.

कापलं. हिरवी भुकटी, काळ्या पडलेल्या तारा,
आणि एकच, केसाएवढी,
सगळी ठिणगी इतके दिवस एकटीनं वाहणारी,
वळणावर हात सुटणारी.

नवा तुकडा, डाख, नळी, वरून पट्टी.
चार बोटं वायर जास्त सोडली,
मान वळायला जागा लागते.
ओचितीनं बोकडाची किंमत पुन्हा सांगितली.
अक्वेरोनं हजार शिलिंग कमी केले.

तो निघाला. चौकापर्यंत आम्ही बघत होतो,
माझ्या हातात तो पाना अजून तसाच.
त्यानं डावा इंडिकेटर दिला,
थांबला,
आणि उजवीकडे गेला.

अक्वेरो साबणानं हात धूत होती.
"असू दे," म्हणाली,
"जरा गरम होऊ दे त्याला."