डावीकडून तिसरी फरशी

आमच्या नागपुरात "अडकून राहिलो" म्हणजे
अडकणं अजून चालू आहे.
पुण्याच्या वहिनीला वाटतं, संपलं,
राहिला बिचारा तिथेच.
तर मी सातव्या तळघरात
अडकून राहिलो,
मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून.

मानेवाड्याची वरची खोली, रात्रीचे दोन.
कूलरच्या पंपाने पाणी ओढणं सोडलंय,
वाळ्याच्या ताट्या कोरड्या, पंखा नुसता ओरडतो.
पडद्यावर चार दगडी मुंडकी, चार साखळ्या
आणि भिंतीत कोरलेली ओळ:
जो बघत नाही, त्यालाच वाट.
चौघांचेही डोळे टक्क उघडे.

दिवसभर नझूलच्या कार्यालयात मी
लोकांच्या वाकड्या भिंती कागदावर मोजतो.
नकाशा मला जमतो, एवढं तरी म्हणू द्या.
सहा तळघरं काढलीत आलेखवहीत,
एक चौकोन एक पाऊल,
दारं लाल, खड्डे काळे,
फिरत्या फरशीला बारीक भोवरा.
सातव्याचं पान मात्र खोडरबराने खाल्लंय,
भोकातून मागचं सहावं दिसतं.

दहीकर सर म्हणायचे, गाईड उघडलं की गणित मेलं.
मेलेली गणितं खांद्यावर घेऊनच
आम्ही दहावी पास झालो.
एकदा मला खडू आणायला पाठवलं होतं,
सरांच्या खणात तेच गाईड होतं,
वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं,
कोपरे आमच्यापेक्षा जास्त दुमडलेले.
तीस वर्षं कुणाला बोललो नाही.
आज बोलून राहिलो.

लांजेवारला फोन लावला.
"काहून बे, झोप नाही का तुले?"
"सातवं."
तिकडे नुसता त्याचा कूलर ऐकू आला. मग,
"मुंडके?"
"हो."
"सांगू?"

उत्तर खिशात असलेल्या माणसाने
असं विचारावं,
दार उघडं असून कडी वाजवावी तसं.
नको, म्हणालो.
म्हणजे थोडंसं सांग.
"थोडंसं नसते त्याच्यात, बावा."

मग त्याने फोटो पाठवला.
सीताबर्डीच्या सायबर कॅफेत
रुपयाला एक पान करून काढलेला बाड,
दोन्ही कडांना भोकं, शाई जांभळट पडलेली.
डावीकडून तिसऱ्या फरशीवर उभे राहा.
चौघांकडे पाठ करा.
मग मागे न पाहता चाला.

बस. एवढंच.
आंधळं मुंडकं शोधत
नऊ रात्री मी त्यांचे डोळे तपासले,
आणि न बघणारा मीच व्हायचं होतं.

दार उघडलं,
इतवारीतलं जुनं शटर उचलतात तसं,
अर्ध्यात अडत, कुरकुरत.
आनंद झाला, खोटं कशाला सांगू.
पण ओळख नसलेल्या घरच्या बारशाला
पोटभर जेवून यावं, तसा.

झोपण्याआधी फोटो मोठा करून पाहिला.
कडेला आडवी पेन्सिल, लांजेवारचंच अक्षर:
"२३ दिवस. मग पाह्यलं. माय मेडिकलले भरती."

मी त्याला काही लिहिलं नाही.
काय लिहिणार, रात्री साडेतीनला.

आठव्यात कागद म्हणतो, डावीकडे वळा.
डावीकडे खड्डा आहे.
तीनदा पडलो, तीनदा कागदावर भरवसा ठेवून.
चौथ्यांदा उजवीकडे गेलो तर
एक लांब, सरळ, रिकामी गल्ली.
आठव्याच्या पानाचा फोटो परत उघडला.
तिथे पेन्सिल कुठेच नव्हती.

आलेखवहीत नवं पान घेतलं.
एक चौकोन काळा केला, नीट, कडा धरून.
तेवढ्यात खाली नळ आले.
कूलरसाठी बादली घेऊन उतरलो.