जवारी

दिवसा मी माणसांच्या छातीचे फोटो काढते.
श्वास घ्या. धरा. सोडा.
मिरजेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं एवढंच बोलले.
फासळ्यांच्या जाळीत पांढरं काय, काळं काय,
ते डॉक्टरांनी बघायचं. मी म्हणते, हलू नका.

आरसा घासला दस्तगीरमामूंच्या दुकानात,
सतारमेकर गल्लीत, टांगलेल्या भोपळ्यांखाली,
कारण माझ्या खोलीत पिंप मावत नव्हतं.
काचेवर काच, मध्ये कार्बोरंडम आणि पाणी,
पिंपाभोवती पाऊल पाऊल सरकत चौदा महिने.
शाळेतली पोरं दारात थांबायची: बाई, हे जातं का?
मामू सांगायचे, हो, चांदणं दळतायत.
मला ती उपमा कधी आवडली नाही.
फार खरखर होती त्यात, आणि माझा खांदा उतरला होता.

शेवटी लाल भुकटी, डांबराची गादी.
दाढीच्या पात्यानं दिव्याचा उजेड कापायचा
आणि काचेवर पडलेली सावली वाचायची:
टेकाड कुठे, खळगा कुठे.
शेजारी मामू घोडीवर कानस फिरवत.
एक घास, तार छेडायची, मान हलवायची. नाही.
अर्धा घास. नाही.
झालं हे कसं ओळखता, मी विचारलं.
"हात थांबतो," म्हणाले. "तुमचा?"
माझ्याकडे पातं होतं, दिवा होता, वहीभर आकडे होते.
माझा हात थांबत नव्हता.

मग त्यांनी तारेखाली सुताचा धागा सरकवला,
जेमतेम दिसेल असा, आणि तंबोरा जुळवला.
पंचम. षड्ज. षड्ज. खर्ज.
"गंधार ऐकू येतो?"
येत होता. खोलीभर, भोपळ्यांतूनसुद्धा.
"कोणती तार लावलीय गंधारात?"
कुठलीच नाही.

दोन हजार पंधराचा जून. निरोप आला,
हंसात काहीतरी पेटलंय, सव्वीस वर्षं गप्प असलेलं.
आधी क्ष-किरणांत दिसलं, मग उजेडात.
आमच्याच खात्याची केस, मी मनात म्हटलं,
फक्त रोगी पावणेआठ हजार प्रकाशवर्षं लांब
आणि त्याला "धरा" म्हणायची सोय नाही.

ढग. तीन रात्री नुसते ढग.
गच्चीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नळी,
जंक्शनात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळतायत,
सांगलीच्या अंगाला दिव्यांचा पिवळा फुगवटा.
चौथ्या रात्री पावणेदोनला फट पडली,
डोक्यावर, किंचित उत्तरेला, पंचा वाळत घालावा एवढी.

एक फिका ठिपका. शेजारणींशी ताडायचा:
हिच्याहून मंद, तिच्याहून तेज.
१:५२. बारा पूर्णांक एक.
१:५६. बारा पूर्णांक सहा.
१:५९.
डोळा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.
अकरा पूर्णांक नऊ.
हवेची लुकलुक म्हणावी, तर शेजारणी जागच्या जागी.

मला दिसत होतं ते काळं नव्हतंच.
एक साधा तारा आहे, साडेसहा दिवसांत
कशाभोवती तरी एक फेरी घालणारा, आणि सांडणारा.
सांडलेलं पडता पडता तापतं, तोच हा उजेड.
मधे नऊ सूर्यांचं वजन. तिथून काहीच येत नाही.
वहीत वेळ, प्रत, हवामान असे रकाने आहेत,
त्याच्यासाठी रकाना नाही.

सात नोंदी झाल्या आणि फट मिटली.
रमजान होता. चारच्या सुमारास गल्लीत दिवे लागले
म्हणून फोन केला, म्हटलं मामू जागे असतील.
सहेरी उरकून आले, एक एक पायरी मोजत,
हातात माझ्यासाठी दोन खजूर.
वर बघितलं. ढग.
मी आकडे वाचून दाखवले.
"पुन्हा वाचा." पुन्हा वाचले.
"ताल नाही ह्याला."
मग नळीजवळ गेले,
भोपळा पारखतात तशी नखानं टिचकी मारली,
कान लावून थोडा वेळ वाकून राहिले.
"पोकळ आहे," म्हणाले. "बरं आहे."