मागचा कट

मागून कसा हवा, विचारलं मी.
गोखले रोडवर बत्तीस वर्षं हेच विचारतोय,
आणि गिऱ्हाईक आधी आरशात बघतं,
जिथे पाठ दिसत नाही.

एक कट मधोमध, दोन बाजूंना,
की बिनकटाचा, सपाट?
सपाट उभ्यानं रुबाबदार,
बसलं की पोटाशी गोळा होतो.
मुलगी म्हणाली, पप्पा, सिंगलच घ्या, साधा.
टिपणीस म्हणाले, तुम्हीच ठरवा.

मी ठरवत नाही. बघतो.
उजवा हात खिशातून निघेना.
हात सैल सोडा, म्हटलं. सोडला,
तर टेपसकट थरथरत राहिला:
चोवीस, साडेचोवीस, चोवीस.
मी चोवीस लिहिलं.
मुलगी अस्तराचे नमुने चाळत होती,
तोच निळा तुकडा तिसऱ्यांदा.

एक कट असला की खिशात हात घालताच
मागचा पडदा फाकतो.
दोन असले की मधला पदर
जागचा हलत नाही,
हात खुशाल लपू दे आत.

डबल घ्या, म्हटलं, हल्ली तेच चालतं.
हल्ली काय चालतं, मला कुठे ठाऊक!
खिसे बोटभर खोल केले,
ते पावतीवर नाही.

कट शिवून मिटवतो आम्ही,
पांढऱ्या दोऱ्याची फुली मारून.
घरी कापा, सांगतो सगळ्यांना,
आणि लोक विसरतात, तसेच मिरवतात मांडवात.
टिपणिसांच्या दोन्ही फुल्या
मीच कापल्या, दुकानात,
ते पाठमोरे असताना.